तिसरा पाट

आमच्या आवारात लोखंड दोन हिवाळे उघड्यावर पडून असायचं. हॅलिफॅक्समध्ये कोणी नवखा आला की त्याला वाटायचं, फेदरबाईंच्या कारखान्यात भंगार साठलंय. लेथचे, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रांचे, लांबच लांब सांगाडे गुडघाभर गवतात आडवे पडलेले, पावसात तांबूस झालेले, वर पाखरांची घाण. भंगार नव्हे ते. भट्टीतून ओतलेलं लोखंड आतून अवघडलेलं असतं. वरून गार पडलं तरी आतला पीळ सुटायला वेळ लागतो. घाईनं रंधून सपाट केलंत, तर पुढे कधीतरी तुमच्या नकळत ते वाकतं. म्हणून माझ्या नवऱ्याचा, एनॉकचा, नियम होता : दोन हिवाळे बाहेर, मग आत. लीड्सचे कारखानदार यावर हसायचे. त्यांचे लेथ काही वर्षांत कुरकुरायला लागायचे आणि त्यांचीच गिऱ्हाइकं टोपी हातात घेऊन आमच्या दारात उभी राहायची. मग मी हसायचे.

एनॉक फेदरनं हा कारखाना गाईच्या गोठ्यात सुरू केला. ऐकीव सांगत नाही, गोठ्यातलं शेण मी स्वतः काढलंय. तेव्हा ओढ्याकाठी एवढ्या गिरण्या नव्हत्या, आणि यंत्रं बनवणारी यंत्रं कोण बनवतो हे फारसं कोणी विचारत नव्हतं. एनॉकनं आधी लेथ केलाच नाही. त्यानं तीन पाट केले.

पाट म्हणजे लोखंडाचे जाड, सपाट तक्ते. आमच्या पलंगाएवढे लांबरुंद. कारखान्यातली प्रत्येक सरळ वस्तू शेवटी त्यांच्यावर ठेवून तपासायची. आणि तीनच का, तर दोन पाट एकमेकांशी जुळवले तर ते जुळतात खरे. पण एक फुगीर असला आणि दुसरा तेवढाच खोलगट, तरीही जुळतातच. दोघांचं एकमत झालं म्हणून दोघं खरे ठरत नाहीत. तिसरा लागतो. तिघंही आळीपाळीनं एकमेकांशी जुळले, की मग तिघंही सपाट. नवराबायकोचंही असंच असतं, असं एनॉक म्हणायचा. मी त्याला गप जेव म्हणायचे.

काम असं चालायचं. शेंदूर तेलात कालवायचा, एका पाटावर हातानं पातळ पुसायचा. दुसरा पाट साखळीनं उचलून त्यावर टेकवायचा, जरा सरकवायचा, उचलून पाहायचा. जिथे उंचवटा तिथे शेंदूर लागतो. जिथे खोल तिथे लोखंड काळंच राहतं. मग लाल तेवढं पात्यानं खरवडायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. शेंदूर पुसायचं काम माझं. एनॉक म्हणायचा, केझाया, तुझा हात जड आहे पण सारखा आहे. प्रत्येक खरवडीची चंद्रकोरीसारखी एक बारीक खूण उरते. पुरा झालेला पाट अशा हजारो कोरींनी भरलेला असतो. उजेडात तो मासळीच्या पाठीसारखा दिसतो.

पातं खांद्यानं आणि कमरेनं रेटावं लागतं. एनॉकची पाठ त्यातच गेली. दुपारच्या सुट्टीत बाकीचे चहा प्यायचे, हा तिसऱ्या पाटावर उताणा पडायचा. पाटाच्या डाव्या बाजूला. घरी पलंगावरही तो भिंतीकडे, डावीकडेच निजायचा. उजवी बाजू माझी.

"उठा तिथनं," मी म्हणायचे. "माणसं बघतायत."

"तुझ्या गादीपेक्षा हा बरा," तो म्हणायचा. "कुठे खड्डा तरी नाही."

पुढे एका सकाळी साखळीची कडी तुटली आणि तिसरा पाट खाली येऊन कोपऱ्यापासून मधोमध तडकला. एनॉकनं तो बाजूला सारला. नवा ओतला, आवारात कुंपणाच्या भिंतीशी टाकला, आणि त्याच हिवाळ्यात गेला. छातीचं दुखणं. डॉक्टर उशाशी होता, चॅपलचे पाद्री पायथ्याशी, दिवसाउजेडी, स्वच्छ चादरीवर. त्यात गूढ काही नव्हतं.

मी कारखाना बंद ठेवला नाही. दफनाच्या दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. लोक म्हणाले, बाई दगड आहे. म्हणू देत. पन्नास घरांच्या चुली होत्या त्या भोंग्यावर.

घर आवाराच्या पलीकडेच होतं. खाली चार खोल्या, वर तीन, आणि त्यात मी. एकुलता एक मुलगा रूबेन अमेरिकेत, प्रॉव्हिडन्सला. तिकडच्या एका मोठ्या कारखान्यात. तिकडेच लग्न, तिकडेच मुलगी. ओटच्या पोळ्या मी चुलीवरच्या दोरीवर घालायचे, सवयीनं डझनभर. निम्म्या वाळून कडक व्हायच्या, मग कोंबड्यांना. रात्री पलंगाच्या उजव्या बाजूला निजायचे. सकाळी डावीकडची चादर हातानं सारखी करायचे. सारखी असायचीच.

दुसऱ्या हिवाळ्यात मला ते पहिल्यांदा दिसलं.

मोठं दव पडून गोठलं होतं. भिंतीवर, गवतावर, सगळ्या लोखंडावर पांढरा थर. आवारात नुसता काचेसारखा उजेड. भिंतीशी पडलेल्या पाटावर मात्र डावीकडे एक लांब पट्टा कोरडा होता. बर्फ नाही, ओल नाही. नुसतं तांबूस लोखंड.

मी मांजर म्हटलं. पण मांजर एवढं लांब नसतं. मग म्हटलं, भिंतीतून कुठली नळी जात असेल. जोनासला विचारलं. जोनास मिजली आमचा मुकादम, एनॉकबरोबर गोठ्यापासून असलेला.

"त्या भिंतीत नळी?" जोनास म्हणाला. "मालकीणबाई, त्या भिंतीत दगडांमधे चुनासुद्धा नाहीये."

"मग कोणी गडी झोपत असेल."

"असल्या थंडीत? आमच्यात एवढा कामसू कोणी नाही."

मी हसले आणि आत गेले. त्या हिवाळ्यात जेवढ्या वेळा गोठलं, तेवढ्या वेळा तो पट्टा कोरडा राहिला. मी पाहत होते. सांगितलं नाही कोणाला.

वसंतात रूबेन आला. एकटाच, अमेरिकन कोट घालून. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या हातचं आवडीनं खाल्लं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून फिरून आला, टोपी टेबलावर ठेवली, आणि मला कळलं की हा पोरगा बोलायची तयारी करून आलाय.

"आई, लीड्सवाले विकत घ्यायला तयार आहेत."

"लीड्सवाल्यांना आधी स्वतःचे लेथ सरळ करू देत."

"ऐक तर. गिऱ्हाइक फेदर हे नाव बघून येतं. नाव कशावर आहे? तीन पाटांवर. तुझ्याकडे दोन आहेत. दोघं मिळून खोटं बोलत असले तर तुला कळणार कसं? तू मेलेल्या माणसाच्या नावावर दुकान चालवतेयस."

"त्या मेलेल्या माणसानं तुला शिकवलंय."

"म्हणूनच बोलतोय."

खरं होतं ते. म्हणूनच मला राग आला. मी त्याच्यासमोर चहा आदळला.

"तिसरा पाट भिंतीशी पडलाय," मी म्हटलं. "दोन हिवाळे झाले. आत घेते, रंधून, खरवडून सपाट करून दाखवते. मग?"

त्यानं खिडकीतून आवाराकडे पाहिलं. "मग विकायचं नाव काढणार नाही. एल्मायराला आणि टॅबीला घेऊन येतो. इथेच राहू."

एल्मायरा त्याची बायको, टॅबी मुलगी. चार वर्षांची. मी तिला पाहिलेलंसुद्धा नव्हतं. वरच्या तीन खोल्या मी त्याच दुपारी झाडून काढल्या.

पाट आत आला. रंधायंत्रावर त्याची गंजकी साल निघाली, खाली करडं, दाट, निर्मळ लोखंड. एक फुगा नाही, एक भेग नाही. जोनासनं बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिलं आणि मान डोलावली. मी शेंदूर कालवला. जुन्या पाटावर पुसला, नवा टेकवला, उचलला.

सगळीकडे लाल ठिपके. फक्त डावीकडे एक काळा पट्टा. वरच्या टोकाला गोल, मग रुंद, मग निमुळता होत गेलेला.

"पहिल्या खेपेला असंच असतं," जोनास म्हणाला.

असंच असतं हे मलाही माहीत होतं. जोनास आणि त्याचे दोन गडी आठवडाभर खरवडत होते. लाल भाग खाली येत गेला, काळा पट्टा आक्रसत गेला. शनिवारी दुपारी भोंगा व्हायच्या आधी पाटभर सारखे ठिपके उमटले. रूबेननं स्वतः वाकून पाहिलं. "सोमवारी एकदा तपासू," म्हणाला. आवाजात आनंद होता. लपवत होता, पण होता.

सोमवारी पट्टा परत आला होता. तिथेच. तेवढाच.

"हा पाट नाही मालकीणबाई," जोनास म्हणाला, "गादी आहे." गडी हसले. मीही.

पुन्हा आठवडाभर खरवडलं. पुन्हा शनिवारी सारखं, पुन्हा सोमवारी पट्टा. तिसऱ्या खेपेला कोणी हसलं नाही. रूबेन म्हणाला, लोखंडातला पीळ अजून सुटला नसेल. जोनासनं डोकं हलवलं.

"पीळ असता तर रोज थोडा थोडा हलला असता, साहेब. हा आठवडाभर गप असतो. फक्त रविवारी हलतो."

"लोखंडाला काय ठाऊक रविवार?"

जोनासनं पातं पुसलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मी ह्याच्यापेक्षा मोठे पाट केलेत. खोलगट भाग कसाही असतो, ढगासारखा. याला खांदे आहेत मालकीणबाई. टाचा आहेत."

"तुझे डोळे गेलेत," मी म्हटलं.

त्या शनिवारी सगळे गेल्यावर मी स्वतः पाटावर शेंदूर पुसला. पातळ, एकसारखा, एकही बोट न उमटू देता. कारखान्याला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोरीला बांधली. म्हटलं, जो कोणी येऊन निजत असेल, त्याची पाठ रंगू दे. सोमवारी गडी कोट काढतील तेव्हा बघते.

सोमवारी शेंदूर जसाच्या तसा होता. माशीचा पायसुद्धा उमटला नव्हता. तो पुसून जोनासनं पाट तपासला.

काळा पट्टा तिथेच.

रूबेननं टोपी उचलली आणि घरी गेला. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "आई, जहाज पुढच्या आठवड्यात आहे." एवढंच. मी त्याच्या ताटात आणखी मटण वाढलं. त्यानं खाल्लं नाही.

पुढच्या रविवारी मी चॅपलला गेले नाही. हॅलिफॅक्समध्ये ही केवढी गोष्ट होती, ते त्या गावात राहिल्याशिवाय कळायचं नाही. बाळंतपणाचा एक रविवार सोडला तर माझी जागा कधी रिकामी राहिली नव्हती. रूबेन एकटा गेला. लोकांनी त्याला विचारलं असणारच, बाई आजारी का. मी दुपारी जेवणं उरकून किल्ली घेतली आणि कारखान्यात गेले.

चालू कारखाना सगळ्यांनी पाहिलेला असतो. थांबलेला फार थोड्यांनी. यंत्रं फिरवणारे पट्टे वरच्या दांड्यावरून सैल लोंबतात. तेलाचा वास थंड होऊन खाली बसतो. छताच्या काचांतून ऊन येतं आणि जमिनीवरच्या लोखंडी किसावर पडून राहतं. एवढ्या मोठ्या जागेत आपला श्वास आपल्यालाच परका वाटतो. मी एनॉकचं स्टूल ओढलं, पाटाच्या उजव्या कडेशी बसले आणि वाट पाहिली.

कोणी आलं नाही.

मी हात पाटावर ठेवला. गार. ओढ्यातल्या दगडासारखं गार. हात हळूहळू डावीकडे नेला.

तिथे ऊब होती.

उन्हाची नव्हे, ऊन पलीकडे होतं. भट्टीची नव्हे, भट्टी शनिवारपासून विझलेली. ही ऊब मला ओळखीची होती. पहाटे माणूस उठून गेल्यावर अंथरुणात जी मागे राहते, ती.

मी पळाले नाही. कुठे पळणार होते? पलीकडे घर, घरात पलंग, पलंगावर सारखी केलेली चादर. दोन हिवाळे मी तिथेच पळत होते.

मी बूट काढले. केसांतल्या सुया काढून स्टुलावर ठेवल्या. आणि पाटावर उजव्या बाजूला, माझ्या बाजूला, आडवी झाले.

लोखंड पाठीला चावलं. छताकडे पाहत राहिले. काचेवर एक पारवा चालत होता, त्याच्या नख्यांचा आवाज येत होता.

मग तोही थांबला.

मग पाट हलला.

थोडासाच. गादीवर पलीकडच्या माणसानं कूस बदलली, की आपल्याला जेवढं कळतं, तेवढा. माझ्याकडे तोंड करून.

मी मान वळवली नाही.

"उशीर झाला मला," मी म्हटलं. आणि ऊन पाटावरून उतरेपर्यंत तिथेच पडून राहिले.

सोमवारी जोनासनं पाट तपासला. डोळे चोळून पुन्हा तपासला. मग रूबेनला हाक मारली. दोन्ही जुन्या पाटांवर, उलटसुलट, आळीपाळीनं, दुपारपर्यंत. कडेपासून कडेपर्यंत सारखे लाल ठिपके. काळं कुठेच नाही. डावी बाजू जेवढी खोल गेली होती, तेवढीच आता उजवीही बसली होती.

रूबेननं मला कारखान्यात सगळ्यांसमोर उचललं. अंगापिंडानं मी काही हलकी नव्हे. गडी ओरडले. जोनास तेवढा माझ्याकडे पाहत होता, हसत नव्हता. त्यानं स्टुलावरची केसातली एक सुई उचलून माझ्या हातात दिली आणि पात्याला धार लावायला निघून गेला.

रूबेन बायकोमुलीला आणायला गेला. ती तिघं शरदात आली. मधले सगळे रविवार दुपारी मी पाटावर जात होते. चॅपलवाल्यांना सांगितलं, सकाळची प्रार्थना पुरते, दुपारी पाठ दुखते. जोनास सोमवारी पाट तपासायचा, तो सपाट असायचा. कारखान्यासाठी जाते असं मी स्वतःला सांगत होते. कारखाना पाट सपाट असल्यावर चाललाच असता. आठवड्यातला तो एक तास मी एकटी नसायचे.

एल्मायरा चांगली मुलगी होती. नाकातून बोलायची, पण कामाला वाघीण. आणि टॅबी. तांबड्या केसांची, हट्टी, पावावर काकवी हवी म्हणून टेबलाखाली बसून राहणारी.

"तुझ्यावर गेलीय," रूबेन म्हणायचा.

"माझ्यावर गेली असती तर काकवीची बरणीच घेऊन बसली असती," मी म्हणायचे.

ओटच्या पोळ्या उरेनात. जिन्यावर दिवसभर पावलं वाजायची. घर भरलं होतं. मी एवढंच मागितलं होतं आणि एवढंच मला मिळालं होतं.

नोव्हेंबरातला रविवार. जेवणानंतर एल्मायरानं टॅबीला वर निजवलं आणि स्वतः तिच्याशेजारी शिवण घेऊन बसली. रूबेन शेगडीशी पेंगत होता. मी नेहमीसारखी कारखान्यात गेले, माझ्या बाजूला आडवी झाले.

त्या दिवशी मला जरा कडेला सरकावं लागलं. जागा कमी पडत होती. का, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

घरी आले तेव्हा टॅबी नुकतीच उठली होती. डोळे चोळत जिना उतरली आणि माझ्या मांडीवर चढली. हात बर्फासारखे.

"पांघरूण फेकलंन वाटतं," मी म्हटलं.

"छे हो आई," एल्मायरा म्हणाली, "मी तासभर शेजारी बसलेय. हललीसुद्धा नाही. मेल्यासारखी झोपली होती."

मी टॅबीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

तिच्या गालावर वळ उठले होते. बारीक, एकाशेजारी एक, चंद्रकोरीसारखे. गालभर.

"उशीचे असतील," एल्मायरा म्हणाली.

ती उशी मी शिवलेली होती. साधी, जाड, गुळगुळीत कापडाची. तिच्यावर टाकासुद्धा वर येत नाही.

सोमवारी सकाळी भोंगा व्हायच्या आधी मी कारखान्यात गेले. जोनास आला होता. पाट वर टांगलेला होता, शेंदूर लागलेला. तो माझ्याकडे न बघता बाजूला झाला.

डावी बाजू लाल. उजवी बाजू लाल.

मधे एक काळा डाग. माझ्या हाताएवढ्या लांबीचा. वर गोल, खाली निमुळता.

"हा नवा आहे," जोनास म्हणाला.

मी डागावर पंजा ठेवला. लोखंड उबदार होतं, आणि त्याला झोपलेल्या लेकराच्या डोक्यासारखा वास होता.

मी घरी गेले आणि रूबेनला म्हटलं, "विक. लीड्सवाल्यांना आजच निरोप पाठव. आणि तुम्ही तिघं पहिल्या जहाजानं परत जा."

तो आधी हसला. मग हसेना.

"आई, तूच आम्हाला इथे आणलंस. मी तिकडची नोकरी सोडून आलोय!"

"परत धर."

"का पण? पाट सपाट झाला ना?"

"मला तुमचा गोंगाट सोसत नाही. घरात पाऊल ठेवायला जागा नाही. पोर दिवसभर किंचाळते."

एल्मायराचा चेहरा पडला. टॅबी टेबलाखालून माझ्याकडे पाहत होती, हातात काकवीचा पाव. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मोडले असते.

"तू म्हातारपणी दुष्ट झालीस," रूबेन म्हणाला.

"मी आधीपासूनच होते. तू लहान होतास, तुला कळलं नाही."

मधला रविवार होता. त्या दुपारी मी टॅबीला झोपू दिलं नाही. आवारातून, ओढ्यावरून, टेकडीवरून ओढत फिरवली. ती रडली, मी गाणी म्हटली. मला दोनच गाणी येतात. आठवड्याच्या आत ती तिघं लिव्हरपूलच्या बंदराकडे गेली. गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा रूबेननं मागे पाहिलं नाही. टॅबीनं पाहिलं.

कारखाना लीड्सवाल्यांनी घेतला. आता तिथे लोखंड आवारात थांबत नाही, ओतलं की आत जातं. नाव अजून फेदरच आहे. जुने दोन पाट त्यांनी नेले. तिसरा मी विकला नाही. गोठ्यात ठेवून घेतला, जिथे हे सगळं सुरू झालं. त्यांच्या माणसानं विचारलं, बाई, एवढ्या वजनाचं काय करणार? मी म्हटलं, झोपणार. तो हसला.

रविवारी मी तिकडे जाते. उजवीकडे निजते आणि डावा हात मधे आडवा ठेवते. लहान मूल मधे असलं की कडेच्या माणसाला जागं राहावं लागतं.

सोमवारी जोनास येतो. त्याला आता कारखान्यात कोणी ठेवत नाही. एक लांब पट्टी घेऊन येतो, तिला शेंदूर लावून पाटावर फिरवतो, सवयीनं. मग आम्ही चहा पितो. प्रॉव्हिडन्सहून काही कळत नाही. रूबेन रागावलाय, ते बरंच आहे.

परवा जोनासनं पट्टी फिरवून झाल्यावर वाकून वीत लावून पाहिली. मग हात पुसत आत आला. चहा ओतला, पण प्याला नाही.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "मधला डाग वाढलाय. आधीपेक्षा वीतभरानं लांब झालाय."

मी त्याच्यापुढे पोळ्या सरकवल्या.

"वाढणारच," मी म्हटलं. "वय आहे तिचं."